इंदिराबाईंचा मटाराचा तास

'तुमच्या शाळेत शिकवतात तरी काय?' असं कुणी विचारलं, की इंदिरा गजभिये यांचा नाकाच्या शेंड्यावरचा राग थेट जिभेवर उतरतो. "तुम्हाला शर्टाचं बटण लावता येतं ना? मग तुमचं शिक्षण झालं. आमचं चालू आहे," असं म्हणून त्या समोरच्याला गप्प करतात. विजय नगरात एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर त्यांची शाळा आहे. मुलं अठरा. कुणाला बोलता येत नाही, कुणाला एका जागी बसवत नाही, कुणाला साधी गोष्ट उमगायला फार वेळ लागतो. अठरा मुलांचे अठरा वेगळे अभ्यासक्रम, आणि अठराही बाईंना तोंडपाठ. अश्विनने यंदा मोठ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडायचा आहे. योगेशने कुकरची शिट्टी झाली की खुशाल कान झाकावेत, पण पळून जायचं नाही. पळाला नाही, की पास.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते धाकट्या भावामुळे. अश्वजीत लहानपणी चार वर्षं एका साध्या शाळेत शेवटच्या बाकावर बसला आणि कोरी पाटी घेऊन घरी आला. 'याच्या डोक्यात काही शिरत नाही,' असं मास्तरांनी वडिलांना सांगितलं. इंदिराबाईंना तेव्हाही वाटलं होतं आणि पन्नाशी उलटल्यावर आजही वाटतं, की भावाचं डोकं ठीक होतं, धडाच चुकीचा होता. आता घरातला सकाळचा चहा अश्वजीत करतो, आणि बाईंपेक्षा चांगला करतो.

तर अशा या शाळेत दीड वर्षापूर्वी समृद्धी भोयर आली. नऊ वर्षांची, शहराबाहेरच्या पनागरची, शाळेच्या गाडीने ये-जा करणारी. ती बोलत नसे. पण सगळे तिला शहाणी म्हणत, कारण ती कशालाच अडत नसे. हात धरून न्याल तिकडे जाई, बसवाल तिथे बसे, भरवाल ते खाई. घरच्यांना त्याचं कौतुक होतं. बाईंना मात्र तीच काळजी होती. उद्या कुणीही हिचा हात धरला तर?

म्हणून त्यांनी समृद्धीच्या अभ्यासक्रमाच्या कागदावर पहिली ओळ लिहिली: 'नको असेल ते नाकारणे.' मग बाई आणि त्यांची मदतनीस राखी हात धुऊन मागे लागल्या. कच्च्या कारल्याची चकती पुढे केली, पोरीने ती मुकाट्याने चावून गिळली. बूट उलटे घातले, ती तशीच अंगणभर चालली. राखीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नको," बाई म्हणाल्या. "उद्या मेथीचा काढा देऊन पाहू."

काढाही प्यायली.

कागदावरची दुसरी ओळ बोटांची होती. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटल्याशिवाय बटण लागत नाही की पेन्सिल धरवत नाही. डिसेंबरात बाजार शेंगांनी हिरवागार झाला, तशा बाईंनी पाच किलो मटाराच्या शेंगा आणल्या आणि रोज सकाळी ओसरीत मटाराचा तास सुरू केला. समृद्धीला तो तास फार आवडला. शेंग टचकन फुटली की आतले दाणे पाहून ती खिदळायची. दीड वर्षात ती अशी हसली नव्हती, त्यामुळे बाईंचाही आनंद पोटात मावत नव्हता.

त्या आनंदात बाई एक गोष्ट विसरल्या. समृद्धीची आई अंजनी दर महिन्याला भेटायची, तिला त्यांनी सगळं समजावलं होतं. बापाला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. आणि बाप मटाराचा शेतकरी होता.

गणपत भोयर त्या दिवशी मंडीत माल उतरवून लेकीला पाहायला आला. ओसरीत लेक मांडी घालून, पुढ्यात ताटली घेऊन मटार सोलत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय करून राहिली माझी पोरगी?"

"मटार सोलून राहिली, भाऊ. बसा ना."

"ते दिसते मले! मॅडम जी, दोन एकर मटर लावला मी. पुरं घर शेंगा तोडून राहिलं. अन् हिले गाडीत बसवून इतक्या दूर पाठवतो, ते मटर सोलाले? काहून?"

"बोटांसाठी आहे हो. आज शेंग, उद्या बटण, परवा पेन्सिल."

"तुमचा परवा काही येत नाही. नाव काटा तिचं. गावातल्या शाळेत टाकतो. पुस्तक तरी देतील हातात!"

बाईंच्या डोळ्यांपुढे अश्वजीतचा शेवटचा बाक आला. तिथे समृद्धी कुणाला त्रास देणार नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहणारही नव्हतं, आणि वर्षामागून वर्षं सरली असती.

गणपतने लेकीचा हात धरला. "चल बेटा, घर चलो."

समृद्धी उठली नाही. त्याने हात ओढला. तिने तो सोडवून घेतला, ताटली मांडीवर ओढली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"राखी! पाहिलं का गं?" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारची बाई गच्चीवरून डोकावली. राखीने टोपली टाकून त्यांना मिठीच मारली. मुलांना काही कळलं नाही, पण टाळ्या वाजवायची संधी त्यांनी सोडली नाही.

"पोरगी बापाचं ऐकून नाही राहिली, अन् तुमी नाचता?" गणपत चिडून म्हणाला.

"भाऊ, आजपर्यंत तिने तुम्हाला कधी नाही म्हटलं?"

बाईंनी कागद त्याच्या हातात दिला. त्याने पहिली ओळ बोट ठेवून वाचली आणि तिथेच सतरंजीवर बसला.

"मागच्या साली मेळ्यात," तो हळू आवाजात म्हणाला, "कोण्या बाईनं हात धरला, तर तिच्यासंगं चालली गेली. तासभर शोधून राहिलो होतो. रडली नाही, ओरडली नाही." मग तो लेकीकडे वळला. "घरी येतं का, बेटा?"

समृद्धीने मान हलवली.

"नाही येत?"

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने नुसत्या हौसेने विचारलं, तेव्हा मात्र ती वैतागली आणि पाठ फिरवून शेंगा सोलायला बसली. गणपत डोळे पुसत हसू लागला.

थोड्या वेळाने तो एकटाच बाहेर पडला. फाटकाशी उभं राहून त्याने अंजनीला फोन लावला, तो सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"अगं, नाही आणलं तिले. आलीच नाही ती. नाही म्हणाली! ... दुसऱ्या कोणाले नाही गं, मलेच म्हणाली! तीनदा!"