वर्नाचे चार दात

वर्ना स्टटलर म्हणजे माझी बायको. आमच्या डोंगरातल्या गावात तिचा आवाज ठाऊक नाही असं माणूस सापडायचं नाही. कितीतरी वर्षं शाळेची पिवळी बस चालवली बाईनं. मागच्या बाकावर मारामारी सुरू झाली की मान न वळवता ओरडायची, “खाली बस, नाहीतर तिथे येऊन बसवीन!” पोरंच काय, रस्त्याकडेच्या गाईसुद्धा बसायच्या.

सैन्यात गेली तीही बसमुळेच. एकदा भरतीवाल्या साहेबाची जीप बर्फात घसरून नाल्यात रुतली. वर्नानं साखळी लावून ती बसनं ओढून काढली आणि वर त्याला गाडी कशी चालवावी यावर असं काही सुनावलं, की तो म्हणाला, “बाई, तुमच्यासारख्या माणसांची आम्हाला गरज आहे.” ही म्हणते, “सही कुठे करू?” मी घरी बटाटे उकडून वाट बघतोय, आणि बाईसाहेब आल्या त्या मिलिटरी पोलीस होऊन!

राखीव दलात हो. महिन्यातून एक शनिवार-रविवार गणवेश, उन्हाळ्यात थोडे दिवस तंबू, बाकी वर्षभर बस. पुढे सार्जंट झाली. आणि हाताखाली कोण? तिच्याच बसमधली पोरं, मोठी होऊन एकेक भरती झालेली. रोज पहिल्या वळणावर उलटी करणारी रॉंडा आता बंदूक धरून ताठ उभी राहायची.

कुवेतचं युद्ध पेटायच्या बेतात होतं त्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेल्या टर्कीला मी सुरी लावणार, तोच फोन वाजला. वर्नाच्या लष्करी कंपनीला बोलावणं आलं होतं. अहो, गावाला नुसतं वेड लागलं! लढाईवर गेलेलं माणूस सुखरूप परतावं म्हणून झाडांना पिवळ्या फिती, खांबांना पिवळ्या फिती. रॉंडाची आई ओपल, तिनं शेळीलाही फीत बांधली आणि शेळीनं ती खाल्ली. शाळेच्या बँडला एकच धून धड येत होती, तीच त्यांनी दुपारभर वाजवली. मला सगळ्यांनी धरलं, “वेन्डल, चिक्की कर!” माझी शेंगदाण्याची चिक्की आमच्याकडे नाताळात प्रत्येक घरी असते. ती खाऊन दातांचं भलं झालेला माणूस अजून जन्मायचाय. वर्ना तर ती बस चालवतानाही खायची.

निघताना ओपल वर्नाच्या गळ्यात पडली. “तू आहेस म्हणून पाठवतेय गं पोरीला.”

“माझ्या बसमधलं पोर आजवर चुकीच्या थांब्यावर उतरवलंय का मी?” वर्ना म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, पण वरवर. ती जायला नको होती मला, स्पष्ट सांगतो. शूर बाईच्या नवऱ्यानंही शूर असावं असा काही कायदा नाही.

आधी केंटकी राज्यातल्या छावणीत तयारी होती. लसी, विषारी वायूचे मुखवटे, तपासण्या. डिसेंबरात एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“वेन्डल, मला घरी पाठवतायत.”

“का गं?”

“दात! चार दात किडलेत म्हणे. डॉक्टरनं लाल शिक्का मारला. असल्या दातांनी वाळवंटात जाऊ देत नाहीत. परवा पोरं विमानात बसणार आणि मी घरी! सगळी तुझ्या चिक्कीची करणी!” आणि फोन आपटला.

मी स्वयंपाकघरात नाचलो. खोटं कशाला बोलू, चिक्कीच्या कढईला मिठी मारून नाचलो! जन्मभर जिला लोकांनी नावं ठेवली, त्या चिक्कीनं माझी बायको सोडवली होती. सकाळी पिकअप काढली, तिच्यासाठी घोंगडी घेतली, चिक्कीचा डबाही घेतला आणि केंटकीपर्यंत गात गेलो. मला गाता येत नाही.

फाटकाशी बाकावर वर्ना बसली होती. गाल भोपळ्यासारखे, तोंडात कापसाचे बोळे. शेजारी रॉंडा, हसून हसून मुरकुंडी वळलेली.

“काका, काय सांगू! सार्जंट पहाटेच जाऊन डॉक्टरच्या दारात बसल्या. तो कॅप्टन आहे, पण अगदी कोवळा. म्हणाला, दात नीट करायला सहा आठवडे लागतील. यांनी विचारलं, उपटायला? तो म्हणाला, तासभर. तर या म्हणाल्या, मग उपट, बाळा. कॅप्टनला बाळा!”

“आणि शिक्का?”

“पुसला की! उद्या आमच्याबरोबर येतायत.”

माझं टाळकंच सटकलं. भर रस्त्यात ओरडलो. म्हटलं, तुला काय, सगळ्या सैन्यात तू एकटीच सार्जंट आहेस का? म्हटलं, मी घोंगडी आणलीय! आमच्या आख्ख्या संसारात पहिल्यांदाच मला सबंध भांडण एकट्याला मिळालं होतं, आणि त्यात काडीची मजा नव्हती. मग तिनं बोळा काढला.

“माझी बस आहे, वेन्डल,” एवढंच म्हणाली.

मी डबा रॉंडाला दिला. दात आहेत तर चणे नाहीत, अन् चणे आहेत तर दात नाहीत.

जाताना वर्नानं माझ्या हातात रुमालाची पुरचुंडी कोंबली. आत तिचे चार दात. “उशीखाली ठेव.” आमच्याकडे लेकरांचा पडलेला दात उशीखाली ठेवतात. रात्री परी येते, दात नेते आणि नाणं ठेवते.

“आणि नाणं कोण ठेवणार?” मी विचारलं.

ती नुसती हसली. तोंडात खिंडार पडलेलं, ओठाला रक्त. देवाशपथ, एवढी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती.

तो हिवाळा बस मीच चालवली. पोरांनी माझं माकड केलं. रात्री टीव्हीवर युद्ध बघायचं आणि झोपताना पुरचुंडी उशीखाली सरकवायची. रोज सकाळी हात घालायचो. दात जिथल्या तिथे. परी तिकडे वाळवंटात कैद्यांच्या छावणीवर पहारा देत होती.

मे महिन्यात कंपनी परतली. बँडनं तीच धून वाजवली. वर्ना बसच्या दारात उभी राहिली आणि एकेक पोराच्या डोक्याला हात लावत उतरवू लागली. सगळी होती. रॉंडाला ओपलच्या हाती दिलं, “हा घे तुझा थांबा,” असं पोरीला म्हणाली आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः उतरली. सैन्यानं दिलेले नवे दात इतके पांढरे, की मी बुजलोच.

दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. सवयीनं उशीखाली हात घातला. पुरचुंडी नव्हती. एक नाणं होतं, परदेशी, खजुराचं झाड आणि खाली तलवारी कोरलेलं.

मी ते मुठीत धरून पोरासारखा रडलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी कडाडकन मोडल्याचा आवाज आला.

“वेन्डल!” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती ओरडली. “ही चिक्की जुनी आहे! ऊठ, नवी कर!”