अर्ध्या काळ्या हरणाचे राखणदार

"शिवा, हे गेले रे…" ताई फोनवर एवढंच म्हणाली. त्याला दीड महिना झाला.

माझे दाजी चित्रकलेचे शिक्षक. नाकाच्या शेंड्यावर राग. येडशीजवळच्या जंगलात एका कपारीत त्यांना आदिमानवानं काढलेली तीन हरणं सापडली होती. नर काळा, मादी गेरूच्या रंगाची, आणि तिसऱ्याची मान-पाठ काळी, मांड्या मात्र तांबूस. "रंग संपला असंल गड्याचा," मी चेष्टा केली. दाजी असे भडकले! मग दोन हिवाळे वाशीकडच्या माळावर हरणांच्या कळपामागं हिंडले. काळवीट जन्मतः मादीसारखंच तांबूस असतं, वयात येताना काळं पडत जातं. "हे ऐन वयातलं पोर हाय, शिवा. काढणाऱ्यानं बघून काढलंय!" हे 'बघून' ते दरडावूनच म्हणायचे.

घोळ माझ्या हातून झाला. माझं पूजेच्या सामानाचं दुकान. एका सोमवारी वस्तीवरचे अण्णा शेंदूर आणि तेल घेऊन गेले. कपारीत म्हसोबा प्रकटलाय, असं जाता जाता म्हणाले. मी माझ्याच हातानं शेंदूर बांधून दिला आणि मग ध्यानात आलं, ही दाजींचीच कपार. दाजींना फोन करून मी पळत सुटलो. पोहोचलो तेव्हा दहा-बारा माणसं जमलेली, अण्णांची बोटं शेंदरात बुडालेली, आणि दाजी चित्राला पाठ लागू न देता, बोटभर अंतर राखून आडवे उभे.

"सरका गुर्जी. देव कोरा ठिवायचा न्हाय."

"कोरा कुठंय, अण्णा? ह्याला रंग लावून झालाय. तुमच्या-माझ्या लई आधी."

अण्णांच्या बोटांवरून तेल ठिबकत होतं. मी पुढं व्हायला हवं होतं, पण मी गर्दीच्या मागंच उभा राहिलो… त्याची लाज अजून वाटते. शेवटी अण्णा वाकले आणि पायथ्याच्या धोंड्याला शेंदूर फासला. दाजी मटकन खाली बसले.

परवा हिय्या करून वर कपारीकडं गेलो. आता आडवं उभं राहणारं कुणी नव्हतं. दुरून कपारीत ताजा शेंदूर दिसला, तसा धावलो. धापा टाकत पोहोचलो. माखला होता तो धोंडाच. वर तिन्ही हरणं जशीच्या तशी. अण्णा नारळ फोडत होते. मी चित्राजवळ जायला लागलो, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"लांबूनच बघ. गुर्जी रागवत्यात."