जास्वंदीचा मुका धडा

आधीच सांगते, मी विज्ञानाची बाई. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी फळ्यापाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "कारणे द्या." तेव्हाची मी एक नगच होते... नंबर नसताना चष्मा लावायचे, शहाणी दिसावं म्हणून! आता खरा नंबर लागलाय. शहाणपणाचं काही सांगता येत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. तेव्हाच्या आंध्रातला आदिलाबाद जिल्हा, जैनथकडचं एक गाव, तिथलं मराठी माध्यमाचं हायस्कूल. अधूनमधून आदिलाबादहून जीप यायची – टीव्ही, व्हीसीआर आणि धड्यांच्या कॅसेटी घेऊन. एरवी कापूस वेचायला जाणारी पोरंसुद्धा त्या दिवशी झाडून हजर. खिडक्यांना पोती लावून वर्गात अंधार करायचा आणि धडा बघायचा. अडचण एकच, कॅसेटी तेलुगूत. म्हणून मी आवाज पूर्ण बंद करायचे आणि टीव्हीशेजारी उभी राहून मराठीत बोलायचे. ओठ पडद्यावरच्या बाईचे, आवाज माझा. माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं, पण ऐट अशी, जणू ती बाई मलाच विचारून बोलते!

जास्वंदीचा धडा मला पाठ होता. ती बाई फूल हातात घेते, ब्लेडनं उभं कापते, आतले भाग दाखवते. त्या दिवशी तिनं कापलंच नाही. फूल टेबलावर ठेवलं आणि सरळ आमच्याकडे बघायला लागली. मग ओठ हलले. मी गप्प बसायला हवं होतं... पण माझं तोंड चालूच होतं, आणि त्यातून येणारे शब्द माझे नव्हते.

"सुमन, टोपलीत हात घालू नको. अनाया, खिडकीपाशी बसू नको."

दुसऱ्या क्षणी पडद्यावर कापलेलं फूल होतं. नेहमीसारखं.

वर्गात खसखस पिकली. पुढच्या बाकावरचा बबन म्हणाला, "बाई, आपल्या वर्गात सुमन कुठं हाय? अन् ते अनाया काय हाय – नाव का औषध?"

मीही हसले. चष्मा पुसला. मग कॅसेट मागं घ्यायला लावली, आवाज सुरू केला आणि आमच्या तेलुगूच्या सरांना टीव्हीपुढं बसवलं. या वेळी फूल व्यवस्थित कापलं गेलं. सर म्हणाले, "बाई, ती नुसती परागकणाचं सांगून राह्यली. तुमी काऊन इतक्या घाबरल्या?"

"घाबरते कोण?" मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला.

पुढच्या जूनमध्ये आठवीत एक नवी मुलगी आली. सुमन. योगायोग, मी स्वतःला बजावलं. तिला मागच्या बाकावर बसवलं आणि विसरूनही गेले.

पावसाळ्यात फुलांचं प्रात्यक्षिक होतं. शिपाई यल्लन्नानं कुंपणाची जास्वंद तोडून टोपलीत भरली, ओलं फडकं झाकून टोपली वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली. "सुमन, फुलं वाट गं," मीच म्हणाले. मीच! ती फडक्याखाली हात घालणार, तेवढ्यात मला ते वाक्य आठवलं. ओरडले, धावले, लाथ मारून टोपली उडवली. फुलांबरोबर मण्यार फरशीवर पडली. काळी, चकचकीत.

यल्लन्नानं काठीनं ती मारली. सुमन रडत विचारत होती, "बाई, तुमाला कसं समजलं?"

कारणे द्या.

दुसरं नाव मी कुणापाशी बोलले नाही. पुढं प्रत्येक जूनमध्ये नव्या मुलींची हजेरी घेण्याआधी मात्र यादी दोनदा चाळायचे. सुनीता, वैशाली, लक्ष्मी... ते नाव कधी आलं नाही. जीप बंद झाली, मी रिटायर झाले, तेलुगू नीट शिकले. सुटले, असं वाटलं.

मग नात झाली. बारशाला सुनेनं मोबाईलवर शोधलेलं नाव सांगितलं – अनाया. माझ्या हातून पाळण्याची दोरी सुटली. नाव बदला म्हणून हातापाया पडले, तर मुलगा म्हणाला, "आईला देवीचंच नाव पाहिजे असंल."

आता ती आदिलाबादला आठवीत आहे. तिच्या मॅडम मोबाईलवर व्हिडिओ दाखवून शिकवतात, वर्गाचेही व्हिडिओ पालकांना पाठवतात. परवा सुनेनं एक दाखवला. पोरं फुलांचा धडा बघत होती. आमची अनाया अगदी खिडकीला टेकून बसलेली. फोनचा आवाज बंद होता. मी झटक्यात चालू केला... सून दचकली.

"आई, वारा येते म्हून बसते तिथं. पंखा चालत नाही त्यांचा."

मग अनायाला रोज सांगायला लागले, खिडकीपासून ऊठ. शाळेत जाऊन मॅडमलाही सांगून आले. त्या गोड हसल्या, तशीच मी त्या वयात हसले असते. आणि अनाया? ती माझीच नात. काल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, आधी कारण सांग. मंग उठतो मी."

कारण माझ्याकडे नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लवकर कळवा.

उद्या तिची शाळा आहे.