सहावा स्टड

नवऱ्याने रजेवर आल्या आल्या मोटारीचं इंजिन उघडलं आणि आठव्या दिवशी युनिटने त्याला परत बोलावून घेतलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही लखनऊ छावणीत राहत होतो; म्हणजे मी राहत होते, तो बहुतेक काळ सीमेवरच असायचा. सासऱ्यांनी दिलेली जुनी मोटार क्वार्टरमागच्या गॅरेजमध्ये उभी होती. ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची, ही त्याची कॉलेजपासूनची हौस.

निघायच्या सकाळी तो गणवेशातच गॅरेजमध्ये उकिडवा बसला आणि मला समजावू लागला.

"हा क्रँकशाफ्ट. इंजिनाचा सगळा जोर याच्यावर येतो. या तीन कॅप त्याला ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या या ओतीव सांगाड्यात, धरून ठेवतात, एकेका कॅपला दोन बोल्ट. हे सहाही ताणले गेलेत. बघ, मधे कसे बारीक झालेत. मला आता बोल्ट नकोत, स्टड हवेत. बोल्ट दर वेळी ब्लॉकमध्ये फिरतो आणि आतले आटे खातो. स्टड एकदा बसला की तिथेच राहतो, वरून फक्त नट आवळायचा."

"आणि हे सगळं मी करायचं?"

"बसवायचं काम मिस्त्री करेल गं. तू फक्त स्टड बघून आण. पावसाळाभर ब्लॉक असाच उघडा राहिला तर गंजून जाईल. लांबी नीट मोजून घे, आणि..."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तो हात पुसत उठला. "आणि"च्या पुढचं राहूनच गेलं.

त्यानंतर रेडिओवर रोज तो गेला होता त्याच डोंगरांतल्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. शेजारच्या बायका एकमेकींकडे जाऊन बसायच्या आणि मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलायच्या. मला ते जमेना. मला करता येण्यासारखं एकच काम होतं. तेव्हा एक दिवस एक जुना बोल्ट रुमालात गुंडाळून मी रिक्षाने शहरातल्या लालबाग बाजारात गेले.

स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराने माझ्यापुढे दोन प्रकारचे स्टड ठेवले. एक संच मोडीतल्या इंजिनातून काढलेला. लांबी नेमकी, पण रंग उडालेला, आटे थोडे झिजलेले. दुसरा कोरा, काळाभोर, डिझेल इंजिनासाठी बनवलेला. आटे तेच, फक्त लांबी दोन-तीन आट्यांनी जास्त.

"हा लांब आहे," मी हिंदीत म्हणाले.

"लंबा तो अच्छा ही है मेमसाब, पकड़ ज़्यादा मिलेगी."

मी तिथे कितीतरी वेळ उभी राहिले. सातवीच्या मुलींना भूगोल शिकवणारी बाई मी. पकड जास्त मिळणं चांगलं की वाईट, हे मला कुठून कळणार? तिथून मिस्त्रींच्या वर्कशॉपवर गेले. मिस्त्री पांढऱ्या दाढीचे, फार अदबीने बोलणारे गृहस्थ. त्यांनी जुने स्टड नकोच म्हणून सांगितलं. "पुराना डालेंगी तो कल फिर यही रोना होगा." त्या रात्री नवऱ्याला पत्र लिहून दोन्हींची लांबी कळवली आणि उत्तराची वाट बघत बसले. अठरा दिवस गेले, उत्तर आलं नाही. ब्लॉकच्या कडेला तांबूस डाग दिसायला लागला. मग मी कोरे स्टड घेतले.

बसवताना मी समोरच होते. मिस्त्रींनी स्टडच्या वरच्या टोकावर दोन नट एकमेकांवर आवळले आणि पान्ह्याने तो आत फिरवला. पाच बसले. सहावा शेवटच्या दोन आट्यांवर अडला. भोकाच्या कडेला ब्लॉक धुतलेलं तेल चकाकत होतं, ते मी पाहिलं होतं. पाहिलं, पण त्याचं काही होईल असं मनात आलं नाही. मिस्त्रींनी पान्ह्याला जरा जोर दिला.

टक् असा आवाज झाला. फार मोठा नाही, बांगडी पिचावी एवढाच.

मिस्त्री थांबले. त्यांनी त्या जागेवर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं, वर खडूची भुकटी चोळली आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीत केसासारखी एक ओली रेघ उमटली.

"मेमसाब," ते म्हणाले, "हमसे बड़ी चूक हुई." आणि स्टुलावर बसून राहिले. त्यांना बोल लावायचा तर निवड माझी होती.

चार दिवसांनी नवऱ्याचं पत्र आलं. पेन्सिलने लिहिलेलं. "लांब स्टड अजिबात घेऊ नकोस, तो भोकाच्या तळाला टेकतो. आणि बसवण्यापूर्वी भोकं पूर्ण कोरडी करून घ्यायला सांग. आत तेल अडकलं तर त्याला वाट मिळत नाही, ब्लॉक फुटतो." खाली लिहिलं होतं, "इंजिन कुठवर आलं ते कळव. इथे तेवढंच वाचायला बरं वाटतं."

हे वाचून मी काय कळवणार होते? मी लिहिलं, स्टड छान बसले. पुढच्या पत्रात क्रँकशाफ्ट बसवला. त्याच्या पुढच्या पत्रात इंजिन सुरूसुद्धा केलं. ब्लॉक तोवर गोणपाटाखाली गॅरेजच्या कोपऱ्यात पडला होता.

तो हिवाळ्याच्या तोंडावर परतला. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये गेला, गोणपाट काढलं, भेगेवरून बोट फिरवलं. मी उजव्या बाजूला उभी राहून सगळं सांगितलं. तो रागावेल म्हणून मी तयार होते. तो रागावला नाही.

"तुझी पत्रं मी सगळ्यांना हिंदीत वाचून दाखवायचो," तो म्हणाला. "एक पंजाबचा पोरगेला अधिकारी होता, घरी ट्रॅक्टर असलेला. रोज विचारायचा, भाभीजी का इंजन कहाँ तक पहुँचा? सुरू झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्याने साऱ्यांना गूळ वाटला."

"आता कुठे असतो तो?"

नवऱ्याने गोणपाट परत ब्लॉकवर टाकलं आणि त्याच्या कडा नीट खोचत बसला. मला कळलं.

पुढच्या महिन्यात बदलीचा हुकूम आला. ब्लॉक मोडीत गेला. सामान बांधताना नवरा म्हणाला, त्या मुलाच्या आईला पत्र लिहायला हवं, तू लिही, तुला चांगलं लिहिता येतं. मी तीनदा कागद घेऊन बसले. तिन्ही वेळा "माताजी" एवढा एक शब्द लिहिला आणि पुढे हात चालला नाही. शेवटी त्यानेच लिहिलं. त्यात इंजिनाचा उल्लेख केला होता का, हे मी विचारलं नाही.