दोन मतांनी हुकलेलं मंडळ

जर्मनीतल्या कोलोनला मी निघालो तो तिथलं कॅथेड्रल पाहायला, आणि झालो कुर्दांच्या सभेचा मतदान अधिकारी!

त्याचं असं झालं. पुतण्या अमेय तिथे इंजिनिअर. त्याची शेजारीण बेरिवान, इस्पितळात नर्स. तुर्कस्तानातली कुर्द, चाळिशीची, एकटी चालतानाही कुणाशी तरी वाद घातल्यासारखी चालते. शनिवारी सकाळी तिने दार वाजवलं. शहरात कुर्दांची दोन मंडळं. एक तुर्कस्तानातून आलेल्यांचं, एक इराकमधून आलेल्यांचं. ती एक करायची का, यावर आज मतदान होतं, आणि मतं मोजणारा त्रयस्थ माणूस तापाने आडवा झाला होता.

"तुझे काका करतील?" तिने अमेयला विचारलं. "त्या हॉलमध्ये ज्याचा एकही चुलतभाऊ नाही, असा माणूस हवाय."

"काका, नाही म्हणा," अमेय मराठीत पुटपुटला. तोवर मी कोट चढवला होता. पुण्यात आमच्या सोसायटीच्या अकरा वार्षिक सभांमधून मी जिवंत बाहेर आलोय. कुर्दांची काय भीती?

माझ्या उत्साहात आम्ही उलट्या दिशेच्या ट्राममध्ये चढलो, ऱ्हाइन नदी विनाकारण दोनदा ओलांडली आणि अर्धा तास उशिरा ब्युर्गरहाउसला (वस्तीचा सार्वजनिक हॉल) पोचलो. एका टोकाला शेवया-मनुका घातलेली इराकी बिर्याणी, दुसऱ्या टोकाला खिमा भरलेले दलियाचे गोळे (कुतिल्क). मी दोन्हीकडे सारखंच जेवलो. अधिकाऱ्याने निष्पक्ष असावं लागतं.

दोन्ही मंडळांची कुर्दी बोली वेगळी. त्यामुळे भांडण रंगलं की सगळे जर्मनवर येत, आणि अमेय ते माझ्या कानात मराठीत ओतत होता.

इराकवाल्यांचे पुढारी रशीद मामोस्ता (गुरुजी), पांढऱ्या मिशांचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "तिकडे इराकमध्ये आता आम्हा कुर्दांचं स्वतःचं विधिमंडळ आहे. फार माणसं पुरून मिळालंय ते. तुमच्या भानगडीत बुडायला नको."

बेरिवान ताडकन उठली. "मामोस्ता, चार देशांत आपली वाटणी झाली, ती आपल्याला न विचारता. इथे कोण अडवतंय? एका शहरात एक मंडळ चालवता येईना, आणि तिकडे लोकशाही मागायची कोणत्या तोंडाने?"

"गेनाऊ!" (अगदी बरोबर!) मागून कुणीतरी ओरडलं.

"हात वर करून मतं घ्या," मामोस्ता म्हणाले आणि त्यांनी आपल्या रांगांवर नजर फिरवली. रांगा ताठ बसल्या.

"चिठ्ठ्या!" बेरिवान म्हणाली.

नव्वद डोकी माझ्याकडे वळली. मी उभा राहिलो, चष्मा काढला, गरजेपेक्षा बराच वेळ पुसला आणि मराठीत गरजलो, "चिठ्ठ्या!" अमेयला भाषांतर करावं लागलं नाही.

दोन तृतीयांश मतं हवी होती, नव्वदात साठ. बाजूने निघाली अठ्ठावन्न, विरोधात बत्तीस. बेरिवान मटकन खाली बसली.

पण जिंकलेले मामोस्ताही हसेनात. "पुन्हा मोजा."

मोजली. तेच.

"आमची माणसं बेचाळीस आहेत," ते हळूच म्हणाले. त्यांच्या शेजारची त्यांची सून टेबलावरचं कापड फारच लक्षपूर्वक पाहत होती. "म्हणजे निदान दहा जण माझ्यापासून लपले."

मग ते बेरिवानकडे वळले. "पोरी, वसंतात पुन्हा सभा लाव. त्याआधी यांना मला तोंडावर सांगू दे. मी ऐकून घेईन. मग हात वर करूनच मतं घेऊ."

"चिठ्ठ्याच, मामोस्ता."

"हट्टी आहेस. बरं, चिठ्ठ्या."

ती डोळे पुसून लगेच वही घेऊन बसली. पुढच्या सभेआधी कुणाकुणाच्या घरी जायचं, त्याची यादी करायला लागली; आणि जिंकलेला तो म्हातारा चहा पीत तिला आपल्याच माणसांचे पत्ते सांगत होता. एकी म्हणजे सगळ्यांचं एकच मत, असं मी आजवर समजत आलो होतो. त्या टेबलापाशी मला ती समजूत सोडावी लागली.

पुण्याला परतल्यावर चौथ्या दिवशी मी पुन्हा व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी ठळक अक्षरांत लिहिलं : मतमोजणी.