अर्धी गोळी

निहार, सई, रविवारी फोनवर तुम्ही सहज म्हणालात, "आजी, बीपीच्या गोळीनं चक्कर येते तर अर्धी घे ना." म्हणून ज्या बाईबद्दल मी तुमच्या आईलाही कधी धड सांगितलं नाही, तिच्याबद्दल आज लिहिते.

ती आमच्याकडे स्वयंपाकाला यायची. शेलार गावाहून चालत, आणि बरोबर साडेआठला मागच्या दारात. आजोबांनी तिचं नावच "साडेआठ" ठेवलं होतं. या वेळेचं कारण मला उशिरा कळलं. तिला एचआयव्ही होता. तीन औषधं मिळून एक गोळी, रोज एकाच वेळी, न चुकता घ्यायची होती. घरी सासू पिशव्या उपसायची, म्हणून बाटली तुमच्याकडे ठेवू का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. आणि त्याच दिवशी तिच्या चहाचा पेला वेगळा काढून बुडाला खिळ्यानं फुली मारली.

तिनं पेला उलटा करून पाहिला. "चहानं न्हाय होत हा रोग, बाई," ती हसली. "तुम्ही तर जन्मभर इंग्रजी शिकवलंत." मी ऐकून घेतलं. पेला वेगळाच राहिला.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कॅलेंडरवर मी रोज तिच्या गोळीची खूण करायची आणि रविवारी बाटली मोजायची. एकही गोळी कधी इकडची तिकडे नाही. ती गोळी घेऊन मोरीपाशी जायची, तोंड पुसत परत यायची आणि मग कमरेचा अडकित्ता काढून सुपारी कातरत बसायची. "सुपारी कातरली न्हाय तर हातांना चैन न्हाय पडत."

तरी तपासणीत विषाणू वाढलेला निघाला. "गोळ्या चुकवतेस?" असं या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात विचारलं, तेव्हा मीच माझं कॅलेंडर घेऊन भांडायला गेले. त्याच आठवड्यात ओट्यावर विसरलेला तिचा अडकित्ता मी उचलला. पात्याला पांढरी भुकटी होती.

"अर्धी त्यांना देते," ती म्हणाली. नवरा दापोड्याच्या गोदामांत टेम्पो चालवायचा. खोकून अर्धा झाला होता. "मरेन, पण त्या रांगेत उभा न्हाय राहणार, म्हणतात. कोणी ओळखीचं बघेल. मग काय करू? एका ताटात जेवतो, गोळीपण वाटून घेतो."

केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी तिला माझ्यासमोर सुनावलं, "अर्ध्या औषधानं विषाणू मरत नाही, औषधाला सरावतो. तू त्यालाही वाचवलं नाहीस आणि स्वतःलाही." मग त्यांनी तिला दुसरी औषधं सुरू केली. महिन्याभरात नवरा गेला.

मला मात्र राग आला होता तो माझ्या खुणा खोट्या पडल्याचा. मी म्हणाले, "खोटं वागणाऱ्या बाईची बाटली माझ्या घरात नको." तिनं नवी बाटली पिशवीत टाकली.

नवऱ्याच्या तेराव्याला सासूला ती बाटली सापडली. चार माणसांसमोर तिनं सगळ्या गोळ्या गटारात ओतल्या. "माजा पोर गिललास, आता गोल्या गिलतेस?"

दुसऱ्या दिवशी साडेआठला ती मागच्या दारात उभी. "बाई, केंद्रात माझ्यासंगं येता? एकटीला परत बोलतील." मी आत आजोबांच्या नाश्त्याची तयारी करत होते. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मीही शेलारला गेले नाही. फार तर वीस मिनिटांचा रस्ता. केंद्रात ती एकटी गेलीच नाही, हे ती वारल्यावर कळलं. तेव्हा पाऊस नुकता संपला होता.

चक्कर येते ते मी डॉक्टरांना सांगितलं आहे. ते बदलतील तेव्हा बदलतील. तोवर सकाळी साडेआठला अख्खी गोळी घेते, तिच्याच पेल्यातल्या पाण्यानं. रोज घासते. बुडावरची फुली अजून आहे.