नवरीने धरून ठेवलेला हार

लिफाफ्याचा डिंक जिभेला लागला, की मला तळोद्यातलं एक लग्न आठवतं, कारण कॅमेऱ्यातून काढलेल्या रोलची डिंक लावलेली कागदी पट्टी आम्ही फोटोग्राफर अशीच जिभेने ओली करून चिकटवायचो. एकटीने फोटो काढायचं माझं ते पहिलंच लग्न. अंतरपाट सरला, नवरीने हार उचलला आणि माझा बारा फोटोंचा रोल संपला. नवा भरताना घामेजल्या बोटांतून त्याचा कागद निसटू लागला. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात नवरी हार तसाच धरून म्हणाली, "ताई, आरामे भरा, नवरदेव कोठे पळी नही ऱ्हायना!" मान वाकवून उभा असलेला नवरदेव खळखळून हसला आणि रोल भरताच मी तेच हसू टिपलं. पुढे मी न बघतासुद्धा रोल भरायला शिकले, पण इतका हसरा नवरदेव मला अजून मिळालेला नाही.